माझ्या वाट्याची डावी बाजू

दात साफ करण्याची पदवी असते, हे नातेवाइकांना पटवता पटवता माझी तीन वर्षं गेली. "दात घासायला तीन वर्षं?" असं आत्या दर भेटीत विचारायची आणि दर भेटीत स्वतःच खो खो हसायची. एकदा मी तिला समोर बसवून सगळं सांगितलं. पहिल्या वर्षी आम्ही नुसतं डोकं शिकतो. कवटीची हाडं, जबड्याचे स्नायू, कुठली नस कुठून निघून कुठल्या दाताला जाते ते. मग मेणाचे दात कोरायचे, बत्तीसच्या बत्तीस, आणि दाढेचा एक उंचवटा चुकला तरी मॅडम तो अंगठ्याने चिरडून परत देतात. मग प्लास्टिकच्या जबड्यावर हात बसवायचा, मग एकमेकींच्या तोंडात. शिवाय एक्स-रे, औषधं, हत्यारांना धार लावणं, रक्तदाब मोजणं, घाबरलेल्या माणसाशी काय बोलायचं ते. आत्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं बाई! एवढं करून शेवटी दातच घासायचे ना?" त्यानंतर मी तिचा नाद सोडला.

बाबांनी मात्र कधी चेष्टा केली नाही. बाबा प्लंबर आहेत. दातांवर किटण कसं चढतं, लाळेतला क्षार हळूहळू कसा दगड होऊन बसतो, हे मी सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, "म्हणजे गिझरच्या पाइपात साचतं तेच की. वेळेवर काढलं नाही तर पाइपच बदलावा लागतो." मला इतका आनंद झाला! घरात एक तरी माणूस आपल्याला समजून घेतो, असं वाटलं. आता आठवलं की माझाच मला राग येतो.

आमची शेवटची परीक्षा जिवंत माणसावर असते आणि ते माणूस आपलं आपण आणायचं असतं. कोणीही चालत नाही. तोंडाच्या एका बाजूला, तपासायच्या बारीक हुकाच्या टोकाला खरखरीत लागेल असं घट्ट किटण निदान बारा ठिकाणी हवं, त्यातही मागच्या दाढांवर चार. कमी भरलं तर तपासणीतच माणूस बाद, आणि माणूस बाद म्हणजे आपणही बाद. त्यामुळे शेवटच्या वर्षी आमच्या वर्गातल्या मुली लग्नात, बसमध्ये, दुकानात, जिथे जातील तिथे लोकांचे दात न्याहाळत असतात. घाणेरड्या दातांचा माणूस दिसला की आम्हाला जे वाटतं ते सांगायची सोय नाही. एकीने तर ठरलेलं लग्न मोडल्यावरही त्या मुलाशी बोलणं चालू ठेवलं होतं, परीक्षा होईपर्यंत.

मला शोधायची गरजच नव्हती. माझ्या घरातच खाण होती. दिवसाला दहा कप चहा, आणि बावीस वर्षांत दातांच्या डॉक्टरांचं तोंड पाहिलेलं नाही. परीक्षेच्या दोन महिने आधी मी बाबांना कॉलेजच्या दवाखान्यात नेलं आणि त्यांचं तोंड नीट मोजलं. मोजताना दोघी लागतात. एक हूक फिरवून आकडे सांगते, दुसरी तक्त्यावर लिहिते. मी सांगत होते आणि पटाशी लिहीत होती.

पटाशी म्हणजे माझी जोडीदारीण. पुढचे दोन दात रुंद म्हणून वर्गाने पहिल्याच आठवड्यात ठेवलेलं नाव, आणि तिने ते हसत स्वीकारलं. तीन वर्षं आम्ही एकमेकींच्या तोंडात शिकलो. जबडा बधिर करायचं इंजेक्शन आयुष्यात पहिल्यांदा मी तिला दिलं आणि तिने मला, आणि दोघी अर्ध्या वाकड्या तोंडाने कँटीनमध्ये चहा सांडत बसलो. तिचे वडील ती शाळेत असतानाच गेले. रविवारी ती आमच्याकडे जेवायला असायची आणि बाबांना काका म्हणायची.

त्या दिवशी बाबांच्या उजव्या बाजूला एकोणीस ठिकाणं निघाली. एकोणीस! डावीकडे जेमतेम आठ, कारण ते डावीकडूनच चावतात. पटाशीने आकडा लिहिला, त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि म्हणाली, "काका, तुमचं तोंड म्हणजे लॉटरी आहे." बाबा एवढे खूश झाले, जणू सत्कारच झाला.

मॅडम बजावून सांगायच्या की एक माणूस राखीव ठेवा. माझ्याकडे होती, स्टेशनरीच्या दुकानातली बाई. पण पटाशीला कोणीच मिळत नव्हतं. मग मी ती बाई पटाशीला देऊन टाकली. ज्याचा पेशंट सख्खा बाप, त्याला राखीव कशाला हवा? असं मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते.

बाबांचा स्वभाव इथे सांगायला हवा. अख्ख्या गल्लीचे नळ त्यांनी दुरुस्त केले आणि आमच्या मोरीतला नळ सहा वर्षं गळतोय. कोणी दारात येऊन "जरा बघता का हो" म्हटलं की ते ताटावरून उठतात. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी नाचले तेव्हा ते मुख्याध्यापकांच्या घरची टाकी बघत होते. आई म्हणायची, "जगाचा बाप आणि घरचा पाहुणा." मी मात्र दर वेळी त्यांची बाजू घ्यायचे. लोकांना गरज असते, मी म्हणायचे, आपण काय, घरचेच. या परीक्षेने पहिल्यांदा असं झालं होतं की बाबांकडे एक अशी गोष्ट होती जी फक्त मला हवी होती, आणि ती मी दोन महिने आधीच मागून ठेवली होती.

या परीक्षेवर सगळं अडलं होतं. पास झाले तर परवाना, आणि परवाना मिळाला तर एका मोठ्या दवाखान्यातली जागा माझ्यासाठी एक तारखेपर्यंत धरून ठेवलेली. नाहीतर पुढची परीक्षा थेट सहा महिन्यांनी, आणि तोवर जागा कोण धरून ठेवतो?

पटाशीची परीक्षा गुरुवारी होती, माझी शुक्रवारी. गुरुवारी संध्याकाळी तिचा मेसेज आला, "झालं एकदाचं." मी शुभेच्छांचा वर्षाव केला. त्या संध्याकाळी बाबा जेवताना गप्प होते. मला वाटलं, उद्या खुर्चीत बसायचंय म्हणून धास्तावलेत. बिचाऱ्यांना मीच धीर दिला. काही दुखणार नाही, रक्तदाबाची गोळी घ्या, नाश्ता करून निघू.

शुक्रवारी साडेनऊला मी बाबांना सात नंबरच्या खुर्चीत बसवलं. त्यांच्या छातीवर निळा कागद लावला, दिवा ओढला, हातमोजे चढवले. तपासनीसाकडे पाठवण्याआधी आपण एकदा बघून घ्यायचं असतं. मी आरसा घातला, उजवीकडची शेवटची दाढ शोधली आणि तिच्यावरून हूक फिरवला.

हूक सरकन घसरला. कुठेच अडला नाही.

मला वाटलं, मी बाजू चुकले. पुन्हा बघितलं. दाढा लखलख चमकत होत्या. हिरड्यांवर बारीक लाल टिपके होते, काम होऊन एक दिवस झाला की राहतात तसे. हात सफाईदार होता. तो हात मला ओळखू आला, पण डोक्याने ते मान्य करायला वेळ घेतला.

"बाबा, हे काय?"

उघड्या तोंडाने ते काहीतरी पुटपुटले. मी हात बाहेर काढले.

"डावीकडे बघ ना," बाबा म्हणाले. "तुझी डावी आहे. उजवी तिला दिली."

"कोणाला?"

"पटाशीला. काल सकाळी फोन आला तिचा, नुसती रडत होती बिचारी. तिची ती बाई आलीच नाही म्हणे. काका, दोन तास याल का, म्हणाली. गेलो. पण मी आधीच बजावलं हं तिला. हे बघ पोरी, एकच बाजू. दुसरीला हात लावायचा नाही, ती माझ्या लेकीची आहे. आणि नाही लावला तिने. शब्दाची पक्की आहे पोर."

ते हसत होते. त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी मोठी युक्ती केली. एका घराच्या पाण्यावर दोन घरांची सोय केली. दोन पोरी, दोन बाजू, वाटणी अगदी सारखी. डावीकडची आठ ठिकाणं बाराला पुरत नाहीत, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मला ओरडावंसं वाटलं, पण आजूबाजूला एकोणतीस खुर्च्या होत्या आणि प्रत्येकीत एकेक तोंड उघडं होतं.

"मला का नाही सांगितलं?"

"तीच म्हणाली, परीक्षेच्या आदल्या दिवशी कशाला तिच्या डोक्याला ताप. मलाही पटलं."

तरीही मी तपासनीसांकडे गेले. माणूस बुडताना काय हाताला लागेल ते धरतो. चष्मा कपाळावर चढवलेले एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी बाबांचा नंबर कालच्या यादीत बोटाने शोधला आणि मान हलवली. "हे काल बसलेत. एका परीक्षेत एक रुग्ण एकदाच बसतो. नियम पहिल्या पानावर आहे." मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "दहा वाजेपर्यंत दुसरा कोणी आणलात तर बघतो."

घड्याळात दहाला बारा कमी होते. बाबांना आता कुठे कळलं की काहीतरी बिघडलंय. ते छातीवरच्या निळ्या कागदासकट उठले आणि बाहेर बाकावर बसलेल्या लोकांकडे गेले. "जरा दात दाखवता का? लेकीची परीक्षा आहे." एक बाई पर्स छातीशी धरून उठूनच गेली. दाराशी वॉचमन होता, तो बिचारा दयाळू निघाला, लगेच तयार झाला. मी दिव्याखाली बघितलं तर वरचे खालचे सगळे दात कवळीचे. "साफ करायची असेल तर काढून देतो," तो म्हणाला. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी पोट धरून हसले असते.

दहा वाजले. मी फॉर्म भरला. 'माघार घेण्याचे कारण' या चौकटीत 'रुग्ण अपात्र' लिहिलं आणि सही केली.

फॉर्म द्यायला जाताना जिन्यापाशी पटाशी भेटली. ती गुणपत्रक घ्यायला आली होती, हातात पास झाल्याचा कागद होता. मला बघून तिचा चेहरा पडला, आणि त्यावरून मला कळलं की तिला सगळं आधीपासून माहीत होतं.

"अगं, मी तुला सांगणारच होते," ती म्हणाली.

"कधी?"

"तू दिलेली बाई आलीच नाही. फोन बंद. मी काय करणार होते? मी एकदा काकांना विचारलं फक्त. ते नाही म्हणाले असते तर मी घरी गेले असते."

"त्यांना नाही म्हणता येत नाही, हे तुला माहीत नव्हतं?"

"तुलाही माहीत होतं," ती म्हणाली. "तरी तू त्यांच्यावरच राहिलीस."

मी तिच्या थोबाडीत मारली नाही, याचं मला अजून नवल वाटतं. "नियम तुला पाठ होता," मी म्हणाले. "एक माणूस एकदाच. मला रात्रभर पाठ करायला तूच लावलं होतंस. आणि बाजूही बरोबर निवडलीस, एकोणीसवाली. तूच लिहिली होतीस ती."

ती रडायला लागली. ती रडली की खरंच वाईट दिसते, नाक लाल होतं, पुढचे दात बाहेर येतात. तीन वर्षं मी तिचे डोळे पुसले होते. या वेळी बघत उभी राहिले.

"माझ्या मागे कोणी नाही गं," ती म्हणाली. "तुझ्या मागे बाबा आहेत."

मी पाठ फिरवली. खाली आले. बाबा पायरीवर बसले होते, निळा कागद घडी करून खिशात घातलेला. मी सगळं सांगितलं. नोकरी गेली, सहा महिने गेले. त्यांनी सगळं ऐकलं, दोन वेळा "अरेरे" म्हणाले. मग जिन्याकडे बघून आवाज खाली करून त्यांनी विचारलं, "तिचं झालं का पण?"

"काय?"

"पटाशीचं. पास झाली ना ती?"

"झाली."

त्यांनी सुस्कारा टाकला. खरा, मनापासून. "चला. निदान एका पोरीचं तरी झालं."

मला नोकरी गेल्याचं दुःख होतं, पटाशीचा संताप होता, पण ते सगळं त्या एका वाक्यापुढे काहीच नव्हतं. डोक्यात तिडीक गेली आणि मग एकदम सगळं थंड पडलं. हे चुकून झालेलं नव्हतं. त्यांना नियम कळला असता तरी ते गेले असते. दारात कोणी रडत आलं की ते उठणार, आणि घरचं माणूस थांबणार, कारण घरचं माणूस कुठे जातंय? आई वीस वर्षं हेच सांगत होती आणि मी तिच्याशी भांडत होते.

बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले. दोन थांबे गेल्यावर म्हणाले, "डावी बाजू आहे ना अजून. मी राखून ठेवतो सहा महिने. चहा वाढवतो हवं तर. कोणाला हात लावू देणार नाही, शपथ."

"सोमवारी कॉलेजात या," मी म्हणाले.

परीक्षा हुकलेल्या मुलींनाही सत्र संपेपर्यंत कॉलेजच्या दवाखान्यात काम करावं लागतं. सोमवारी बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून वेळेआधी आले. मी त्यांना खुर्चीत बसवलं, रक्तदाब मोजला, तब्येतीचे प्रश्न विचारले, जसे सगळ्यांना विचारते.

"राग गेला ना?" ते म्हणाले.

"तोंड उघडा."

मी डाव्या बाजूला सुरुवात केली. मागच्या दाढेच्या आतल्या बाजूने हूक घातला आणि किटणाचा पहिला तुकडा उडवला. बाबांनी डोळे मोठे केले. काहीतरी विचारायचं होतं त्यांना, पण तोंडात आरसा होता. मी हात हलका ठेवला. त्यांना जरासुद्धा दुखू दिलं नाही, कारण ते मला शिकवलेलं आहे आणि मला ते चांगलं येतं. आठच्या आठ ठिकाणं काढली. मग वरची बाजू, मग पुढचे खालचे दात, जिथे चहाचा काळा थर होता. दीड तास लागला. हत्याराला मधे दोनदा धार लावली. मॅडम येऊन आरशातून बघून गेल्या. "वा," म्हणाल्या, "शुक्रवारी हे केलं असतंस तर पैकीच्या पैकी होते." बाबांनी ते ऐकलं.

मी खुर्ची सरळ केली. त्यांनी चूळ भरली, जीभ दातांवरून फिरवली, इकडून तिकडे. मग हळूच म्हणाले, "सगळं काढलंस?"

"सगळं."

"मग सहा महिन्यांनी? तुझ्या परीक्षेला?"

"माझी मी माणसं शोधेन. रस्त्यावर, बसमध्ये. परकी माणसं येतात ठरलेल्या वेळी."

"आणि नाही आली तर?"

"तर परकी म्हणून सोडून देईन. इतकं लागणार नाही."

निळा कागद त्यांच्या छातीवर तसाच होता आणि तो काढायचं मीच विसरले होते. त्यांचे डोळे भरले होते, ते मी पाहिलं. मला वाईट वाटलं, खूप वाटलं, पण मी हातमोजे काढून कचऱ्यात टाकले आणि त्यांचं कार्ड पुढे ओढलं. काम झालं की पुढची तारीख द्यायची असते, आणि कोण काम करणार तेही लिहायचं असतं. मी तारीख घातली, नाव लिहिलं आणि कार्ड त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. "ही कोण?"

"दुसऱ्या वर्षाची आहे," मी म्हणाले. "चांगली मुलगी आहे. तिला पेशंट मिळत नाहीत. तुम्ही तिला नाही म्हणणार नाही, मला माहीत आहे."